इंजिन तेल, मोटारीचे : प्रतवारी व निवड

मोटारीच्या इंजिनातील हलत्या भागांना वंगण पुरवणारे, त्यांची उष्णता वाहून नेणारे, काजळी व मळ स्वतःत धरून ठेवणारे आणि धातूला गंजू न देणारे तेल. बोलण्यात नुसते ‘ऑइल’. मूळ तेल आणि त्यात मिसळलेली पूरक द्रव्ये यांचे हे मिश्रण असते. लहान मोटारीच्या चेंबरमध्ये सुमारे ३ लिटर, तर मोठ्या डिझेल गाडीत ६ ते ७ लिटर तेल मावते. निवड तीन गोष्टींवर ठरते : श्यानतेची प्रत, गुणवत्तेचे मानक आणि मोटार बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची मान्यता. तिन्ही गोष्टी गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. ब्रँडचा क्रमांक यांच्यानंतर लागतो, दुकानातली चौकशी मात्र बहुधा ब्रँडपासूनच सुरू होते.

वंगणाचे तत्त्व : ‘वंगण’ हा शब्द बैलगाडीच्या आसाला घालायच्या काळ्या लेपापासून मराठीला परिचित आहे. तेलाने घर्षण कमी होते हे सर्वांना ठाऊक होते. ते का कमी होते, हे १८८३ मध्ये उलगडू लागले. ब्यूशँप टॉवर हे इंग्लिश अभियंते यांत्रिकी अभियंत्यांच्या इंग्लंडमधील संस्थेसाठी रेल्वेच्या आसांसारख्या धारव्यांवर (बेअरिंगांवर) प्रयोग करत होते. फिरता दांडा खाली तेलात बुडालेला आणि वरून पितळी धारवा दाबून बसवलेला, अशी मांडणी होती. तेल वरून सोडावे म्हणून टॉवर यांनी धारव्याला माथ्यावर भोक पाडले. यंत्र सुरू करताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागले. त्यांनी बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. दाबमापक जोडल्यावर दिसले की, धारव्यावरच्या भाराने जो सरासरी दाब यावा, त्यापेक्षा आतल्या तेलाचा दाब पुष्कळ जास्त आहे. फिरणारा दांडाच तेलाला पाचरीसारख्या फटीत ओढून नेतो आणि त्या थरावर स्वतः तरंगतो. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. आजच्या इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँकही असाच तरंगतो. तेलाचा पंप तेल पोचवतो, भार मात्र हा थर पेलतो.

थर किती जाड राहील हे फिरण्याच्या वेगावर, भारावर आणि तेलाच्या श्यानतेवर म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधावर अवलंबून असते. तेल फार पातळ असेल तर थर तुटून धातूला धातू लागतो. फार जाड असेल तर ते उशिरा पोचते, स्वतःच ढवळून तापते आणि इंधन खाते. गाडी सुरू करतानाच्या पहिल्या क्षणांत, तसेच कॅम व टॅपेट यांच्यासारख्या जागी थर पुरेसा तयार होत नाही. तेथे जस्त व फॉस्फरस असलेले एक पूरक द्रव्य धातूवर पातळ रक्षक लेप चढवते. हे द्रव्य व्यवहारात ‘झेडडीडीपी’ या नावाने ओळखले जाते. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

श्यानतेची प्रतवारी : अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था ‘एसएई’ १९०५ मध्ये स्थापन झाली. तिने १९११ मध्ये तेलांची पहिली प्रतवारी केली. सध्या चालू असलेल्या मानकाचे नाव ‘जे-३००’. डब्यावरचे ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० हे आकडे याच मानकातले. यातील ‘डब्ल्यू’ वजनाचा नव्हे, हिवाळ्याचा आहे. तो असलेला आकडा थंडीतले वागणे सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातले. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंशही नव्हेत; त्या नुसत्या श्रेणी आहेत.

तापलेल्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सियसला मोजतात. तिचे एकक सेंटिस्टोक असून साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक भरते. २० या प्रतीसाठी ६.९ ते ९.३, ३० साठी ९.३ ते १२.५, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ अशा मर्यादा आहेत. म्हणजे काठावरची दोन तेले जवळपास सारखी असूनही एकावर ३० आणि दुसऱ्यावर ४० छापलेले असू शकते. थंडीतली परीक्षा शून्याखाली होते. स्टार्टरने इंजिन फिरेल का, हे ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना पाहतात. तिसरी परीक्षा ग्राहकाला सहसा माहीत नसते. ती १५० अंशांना, धारव्यातल्यासारख्या तीव्र रगड्याखाली होते. तीत २० प्रतीच्या तेलाने किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद श्यानता राखावी लागते, तर १५डब्ल्यू-४० ने ३.७. अलीकडे १६ (२०१३), तसेच १२ आणि ८ (२०१५) अशा आणखी पातळ प्रती मानकात आल्या आहेत.

एकच तेल थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे जाड कसे राहते? मुळात ते तसे राहत नाही. तापल्यावर प्रत्येक तेल पातळच होते. कोणते किती पातळ होते हे सांगणारा श्यानता निर्देशांक डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये मांडला. निर्देशांक वाढवण्यासाठी तेलात लांब साखळ्यांची बहुवारिके (पॉलिमर) मिसळतात. थंडीत ती आखडून बसतात, तापल्यावर पसरतात आणि तेलाचे पातळ होणे रोखतात. वापरात या साखळ्या रगडल्या जाऊन तुटतात, हे तेल ‘उतरण्याचे’ एक कारण.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग डब्ल्यूच्या आकड्याचे काय काम, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. इंजिनाच्या दृष्टीने पुण्यातली २० अंशांची सकाळसुद्धा थंडच असते. ४० अंशांनाही ५डब्ल्यू-३० ची श्यानता साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असते आणि २०डब्ल्यू-५० ची सहज १५० च्या पुढे जाते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत वरच्या कॅमपर्यंत तेल किती लवकर चढेल, हे या फरकावर ठरते. उलट चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जाड तेल घालावे का, यावर एकमत नाही. काही पुस्तिका बाहेरच्या तापमानानुसार पर्याय देतात, काही एकच प्रत सांगतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तेलाचे तापमान बाहेरच्या हवेइतके वरखाली होत नाही, एवढे नोंदवणे पुरे. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आराम’ हा गॅरेजातला समज बहुधा कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनी मोटारीच्या काळातला असावा. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या त्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मानवत असे. गाडी ‘ऑइल खाऊ’ लागली, निळा धूर सोडू लागली की, इंजिनाचे काम चार महिने पुढे ढकलायला जाड तेल उपयोगीही पडे. आजच्या इंजिनांत वाहिन्या अरुंद असतात आणि टायमिंग चेनचा ताण किंवा व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबावर चालते. तेथे हा उपाय अंगाशी येऊ शकतो.

गुणवत्तेची अक्षरे : आकडा सगळे वाचतात, अक्षरे फार थोडे. तेल चुकते ते मात्र बहुधा अक्षरांत. एकाच ५डब्ल्यू-३० आकड्याची दोन तेले पूरक द्रव्यांच्या बाबतीत पूर्ण वेगळी असू शकतात.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे ‘एपीआय’ची, परवानगी असलेल्या डब्याच्या मागे दुहेरी वर्तुळाचे चिन्ह असते. वरच्या कमानीत मानकाची अक्षरे, मध्यभागी श्यानतेची प्रत आणि इंधनबचतीच्या परीक्षेत तेल उतरले असल्यास खालच्या कमानीत तसा शेरा. पेट्रोल इंजिनांसाठीची अक्षरे ‘एस’ने सुरू होतात : एसए पासून पुढे एसएल (२००१), एसएम (२००४), एसएन (२०१०), एसपी (२०२०) आणि एसक्यू (२०२५). मधली एसआय, एसके व एसओ ही नावे वापरलीच गेली नाहीत. पेट्रोलच्या श्रेणीत नंतरचे अक्षर साधारणपणे आधीच्याची जागा घेऊ शकते. एसएम सांगितलेल्या गाडीत एसपी चालते, उलटे चालत नाही. डिझेलची बहुतेक अक्षरे ‘सी’ने सुरू होतात. सीके-४ बरोबर २०१६ मध्ये आलेले एफए-४ मात्र जुन्या इंजिनांत सरसकट चालत नाही.

थेट इंधन फवारणीच्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला जोर दिला असता इंधन ठिणगीआधीच पेटण्याचा दोष आढळला. त्याने पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त मलनिवारकांशी त्याचा संबंध दिसून आला. त्यामुळे काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आले आणि एसपी मानकात त्यासाठी परीक्षा घालण्यात आली. अशा गाडीत कपाटात उरलेला एसएनचा डबा ओतणे ही काटकसर नव्हे.

डिझेल गाड्यांत प्रश्न राखेचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी सर्रास बसू लागली. चुलीत लाकूड जळून जाते, राख उरते आणि ती हाताने काढावी लागते, इथेही तसेच. गाळणीत साठलेली काजळी गाडी स्वतः तापवून जाळते, पण तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही. ती साठत जाते आणि गाळणी तुंबते. युरोपातील ‘एसीईए’ संघटनेच्या ‘सी’ श्रेणीतली आणि जपानच्या ‘जासो डीएल-१’ मानकाची तेले याचसाठी कमी राखेची असतात. सी-३ मध्ये सल्फेट राख ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. फॉस्फरस धुराड्यातील उत्प्रेरकाला निकामी करतो, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलांतही तो, म्हणजेच वर उल्लेखलेले झेडडीडीपी, कमी करत आणला आहे. जुन्या मोटारी जपणाऱ्यांची यावर तक्रार असते. ती कितपत रास्त आहे, हे इंजिनाच्या रचनेनुसार बदलते.

मूळ तेल : पाच गट मानतात. पहिले तीन खनिज तेलापासून येतात. दुसरा व तिसरा हायड्रोजनच्या प्रक्रियेने शुद्ध केलेला असतो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा असून उरलेली सर्व, उदा., एस्टरे, पाचव्यात मोडतात. तिसऱ्या गटाला ‘सिंथेटिक’ म्हणावे का, हा वाद अमेरिकेत जाहिरातींच्या नियामक मंडळापुढे गेला आणि १९९९ मध्ये म्हणण्यास मुभा मिळाली. त्यामुळे डब्यावरचा तो शब्द दर्जाचे मोजमाप म्हणून कच्चा आहे. मुंबईत माहुल येथील शुद्धीकरण कारखान्यांत मूळ वंगण तेल तयार होते. कॅस्ट्रॉल या ब्रँडचे नाव १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. त्या तेलात तेव्हा एरंडेल असे.

तपासणी व बदल : गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि तेल चेंबरमध्ये उतरायला काही मिनिटे द्यावीत. डिपस्टिक बाहेर काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. पहिल्या वेळचे वाचन शिंतोड्यांमुळे फसवे असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. या दोन खुणांत बऱ्याच मोटारींत सुमारे १ लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास फिरता क्रँक तेल घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाला भार पेलत नाही. डिझेलचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते, म्हणून नुसत्या रंगावरून तेल बदलू नये. दुधाळ कॉफीसारखा रंग मात्र पाणी शिरल्याची खूण असते आणि पेट्रोलचा वास इंधन मिसळल्याची.

किती किलोमीटरला तेल बदलावे याबाबत कंपन्यांचे आकडे आणि गॅरेजांचे आकडे जुळत नाहीत. अनेक पुस्तिकांत १०,००० किमी किंवा १ वर्ष, यांपैकी आधी येईल ते, असे असते आणि खडतर वापरासाठी त्याहून कमी. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन चालते, मीटर चालत नाही. शहरातला रोजचा तीन-चार किलोमीटरचा फेरा खडतर वापरातच मोडतो, कारण तेल पूर्ण तापून त्यातले पाणी व इंधन उडून जातच नाही. तेलाबरोबर फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही बदलावा. पिंपातले सुटे तेल घेऊ नये. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरून विकता येत नाही.

सीएनजी : वेगळे तेल हवे की नको, याबाबत मतभेद आहेत, पुस्तिका प्रमाण.

दुचाकी : गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू शकतो, म्हणून तेथे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ मानकाचे तेल लागते.

वापरलेले तेल : घातक कचऱ्यात मोडते (२०१६ चे नियम), ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावे लागते.

विजेवरच्या मोटारी : इंजिन तेल लागत नाही, गिअरपेटीचे तेल वेगळे असते.