चला डब्लिनला, १९५४ साली

आधी खिसे रिकामे करा. फोन, कार्ड, पासपोर्ट, सगळं इथेच राहू द्या. त्याऐवजी ही मूठभर नाणी घ्या. पेनीवर कोंबडी आणि तिची पिल्लं, अर्ध्या पेनीवर डुकरीण, तीन पेनीवर ससा, सहा पेनीवर शिकारी कुत्रा, शिलिंगवर बैल, दोन शिलिंगवर सामन मासा, अडीच शिलिंगवर घोडा. इंग्रज गेल्यावर आयरिश सरकारनं १९२८ साली राजाचं डोकं हटवून ही जनावरं आणली. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. हिशेब जमला नाही तर सरळ घोडा पुढे करा. उरलेले ससे आणि कोंबड्या बारमन मोजून परत देईल.

तारीख आहे बुधवार, १६ जून १९५४. तुम्ही ओ'कॉनेल पुलावर उभे आहात. उत्तरेला नेल्सनचा उंच खांब अजून जागेवर आहे. तो स्फोटानं उडायला १९६६ उजाडावं लागेल. शहरातल्या ट्राम पाच वर्षांपूर्वी बंद पडल्या, त्यामुळे रस्ता सायकलींचा आणि बसचा. वारा पश्चिमेकडून येतोय आणि त्याबरोबर भाजलेल्या सातूचा करपट वास येतोय. तो गिनेसच्या सेंट जेम्सेस गेट या दारूभट्टीतला. १७५९ साली आर्थर गिनेसनं ती जागा ९,००० वर्षांच्या करारानं घेतली, वर्षाला ४५ पौंड भाड्यानं. मुंबईतला कुठलाही पागडीवाला हे ऐकून उठून नमस्कार करील.

काळे झगे घातलेले पाद्री जागोजागी दिसतात, कारण हे मेरीचं वर्ष आहे आणि वस्त्यावस्त्यांत तिच्या मूर्ती बसताहेत. दुसरीकडे इतक्याच सहज दिसतात त्या सुटकेस घेतलेल्या मुली आणि मुलं. ती डन लेरीच्या बंदरावर, इंग्लंडच्या बोटीकडे निघाली आहेत. या एका दशकात देशातून जाणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा चार लाखांनी जास्त भरणार आहे, आणि देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. पबमध्ये बसलेल्या माणसांच्या विनोदात एक कडवटपणा जाणवेल, तो इथून येतो.

आणि हो, याच दिवशी आपल्याकडे काय चाललंय? मुंबई राज्यात मोरारजी देसाई मुख्यमंत्री आहेत, दारूबंदी पुऱ्या जोरात आहे, आणि प्यायची तर परवाना हवा. आपल्या बारच्या पाटीवर अजूनही ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्याच कायद्यामुळे. तुम्ही मात्र इथे कुणालाही परवाना न दाखवता पूलबेग स्ट्रीटवर वळला आहात.

आठ नंबर, मलिगन्स. दार ढकला. आत इतका धूर आहे की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. काळपट महोगनीचा काउंटर, तंबाखूनं पिवळं पडलेलं छत, आणि लोकांच्या बोलण्याची एकसंध गुणगुण. टीव्ही नाही, आयर्लंडचा स्वतःचा टीव्ही १९६१च्या शेवटच्या दिवशी सुरू होईल. फिडल आणि गाणी शोधत आला असाल तर निराश व्हाल. ‘आयरिश म्युझिक पब’ हा साठच्या दशकातला प्रकार आहे, आणि आज कुणी इथे तोंड उघडून गायला लागलं तर बारमन त्याला गप्प करील. इथे लोक बोलायला येतात. गोदीतले कामगार, शेजारच्या ‘आयरिश प्रेस’मधले शाईच्या बोटांचे लोक, जवळच्या थिएटर रॉयलमधले नट. जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधल्या एका कथेत एक कारकून याच मलिगन्समध्ये पंजा लढवताना हरतो आणि घरी जाऊन पोराला मारतो. त्या कथेत डब्लिनच्या पबबद्दल जितकं खरं सांगितलंय तितकं कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही.

‘अ पाइंट ऑफ स्टाउट’ म्हणा, म्हणजे गिनेसची काळी बिअर, आणि आता नीट बघा, कारण यासाठीच आपण इतक्या लांब आलो.

बारमनच्या मागे ओक लाकडाची पिंपं आहेत, एक वर आणि एक खाली. वरच्यात ताजी, अजून आंबत असलेली, उसळणारी स्टाउट आहे. खालच्यात जुनी, निवलेली. तो आधी वरच्या पिंपाची तोटी सोडतो. ग्लासात जवळजवळ नुसता फेस येतो, गढूळ, तपकिरी. तो ग्लास बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागतो. तुम्हाला वाटेल तो विसरला. विसरलेला नाही. फेस खाली बसत जातो, काळं वर चढतं, मग तो येऊन पातीनं जादाचा फेस सपकन काढून टाकतो आणि खालच्या पिंपातली शांत स्टाउट वरून भरतो. फेस कडेशी येऊन थांबतो. किती वेळ ठेवायचं, कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं, आज हवा उबदार आहे म्हणून ताजं पिंप जास्त उसळतंय का, हे सगळं त्याच्या मनगटात आहे. पुरण किती शिजलंय हे आजीला जसं हाताला कळायचं, तसं.

आता घोट घ्या. पहिलं आश्चर्य, ती थंड नाही. खोलीपेक्षा जरा गार, इतकंच. दुसरं, आंबटपणाची एक बारीक कड जिभेला लागते, भाजलेल्या सातूच्या कडूपणामागून येणारी. आणि आपल्या ओळखीच्या गिनेसचं ते मलईसारखं मऊपण? ते नाही. कारण ते अजून जन्मालाच आलेलं नाही.

ही गोष्ट मी डब्लिनच्या प्रेमात पडलेल्या प्रत्येकाला सांगतो आणि त्यांचे चेहरे पडलेले बघतो. ग्लासात खाली कोसळणारे बुडबुडे, दुधाळ लाटा, वर जाड पांढरी साय, हे सगळं नायट्रोजनचं काम आहे. मायकेल ॲश नावाच्या, केंब्रिजला गणित शिकलेल्या माणसानं गिनेसमध्ये बसून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकाच धातूच्या पिंपात कसे कोंबायचे ते शोधून काढलं आणि १९५९ साली, कंपनीच्या दोनशेव्या वर्षी, ते बाजारात आलं. पुढच्या काही वर्षांत लाकडी पिंपं गेली, आणि सेंट जेम्सेस गेटमध्ये बापाकडून मुलाकडे आलेला पिंपं बांधण्याचा धंदाही गेला. तरी दोन टप्प्यांत ओतण्याचा विधी राहिला. एकाच नळातून येणारी स्टाउट थांबून, पुन्हा भरून देतात. पर्यटक ती मिनिटं श्रद्धेनं मोजतो. त्याला वाटतं हे शतकांचं आहे. जुनं होतं ते दोन पिंपांचं काम, आणि त्याची निव्वळ नक्कल आज शिल्लक आहे.

कंपनीला नवी पद्धत का हवी होती हे मलिगन्समधून उठून दुसऱ्या पबमध्ये गेलात की कळेल. तिथली स्टाउट निराळी लागते. पिंप किती दिवस पडून आहे, बारमनचा हात कसा आहे, यावर सगळं. एखाद्या ठिकाणी चक्क वाईट मिळेल. बाटलीतली हवी असेल तर तीही पबवालाच मोठ्या पिंपातून भरतो, लेबलावर त्याचं नाव छापलेलं असतं. म्हणून डब्लिनकर ‘चांगली पाइंट कुठे मिळते’ यावर भांडतात. आजही भांडतात, पण आज त्या भांडणात फारसा दम नाही.

शेजारचा म्हातारा ‘प्लेन’ मागतोय. ते पोर्टर, स्टाउटहून हलकं आणि स्वस्त, कष्टकऱ्यांचं. ते सत्तरच्या दशकात बंद होईल. म्हाताऱ्यानं तुमच्यासाठी एक मागवलं तर सांभाळा. तुम्ही आता त्याच्या राउंडमध्ये आहात. पुढची फेरी तुमची, आणि मध्येच उठून जाणं म्हणजे शोभा करून घेणं.

तुम्ही बाई असाल तर मला थोडं वाईट सांगावं लागेल. अनेक पबमध्ये तुम्हाला पाइंटचा ग्लास देणार नाहीत. अर्धा मिळेल, तोही नाखुशीनं. कुठे कुठे मुख्य खोलीत उभंच राहू देणार नाहीत. स्नगमध्ये बसा म्हणतील. दाराजवळची फळ्यांनी बंद केलेली छोटी खोली, काउंटरकडे उघडणारी झरोक्याएवढी खिडकी. आज या स्नगचे फोटो फार गोड वाटतात. कोणाला नजरेआड ठेवायला त्या बांधल्या हे फोटोत दिसत नाही.

अडीच वाजले. बारमन ओरडतोय, ग्लास रिकामे करा. डब्लिनमध्ये अडीच ते साडेतीन पब बंद, १९२७च्या कायद्यानं. लोक याला ‘होली अवर’ म्हणतात, देवाधर्माचा काही संबंध नसताना. कामगार जेवणाच्या सुट्टीतून कामावर परत जावा हा हेतू. ही बंदी १९८८पर्यंत टिकेल. ओळखीचे चेहरे आत कोंडून घेतले जातात आणि निवांत पितात. तुम्ही ओळखीचे नाही, तेव्हा नदीकाठी चला.

लिफीवरून गिनेसच्या वाफेच्या होड्या पिंपं घेऊन बंदराकडे निघाल्या आहेत. भरती असली की पुलाखालून जाताना त्यांचं धुराडं मोडून आडवं करावं लागतं. पुलावरची पोरं वाकून खलाशांना ओरडतात, ‘येताना पोपट आणा!’ जणू होडी ब्राझीलला चालली आहे. ती जाते मैलभर. १९६१मध्ये हेही संपेल. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेतलेल्यांनी या होड्यांना जरा आदरानं बघावं. परीक्षेत ज्या ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’नं छळलं, ती विल्यम गॉसेट या गिनेसच्याच माणसानं १९०८मध्ये काढली. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं छापू देत नसे, म्हणून तो ‘स्टुडंट’ झाला.

साडेतीननंतर ग्राफ्टन स्ट्रीटच्या बाजूला. ड्यूक स्ट्रीटवरच्या डेव्ही बर्न्सला पाच मिनिटं पुरेत. जॉइसच्याच ‘युलिसिस’ कादंबरीतला ब्लूम इथे चीज सँडविच आणि बर्गंडी वाइन घेतो, स्टाउट नाही, त्याच्या भक्तांना हे सोयीस्करपणे आठवत नाही. हॅरी स्ट्रीटवरच्या मॅकडेड्सला मात्र वेळ द्या. उंच छत, चर्चसारख्या लांबट खिडक्या, आणि काउंटरमागे पॅडी ओ'ब्रायन, जो लेखकांना उधारीवर पाजतो. ब्रेंडन बीहन इथे आवाज चढवून बोलत असतो. त्याचं ‘द क्वेअर फेलो’ नोव्हेंबरमध्ये रंगमंचावर येईल. कवी पॅट्रिक कॅव्हनाचाही हा अड्डा. फेब्रुवारीत तो एका साप्ताहिकाविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा हरला. त्याची उलटतपासणी घेऊन चिंध्या करणारे वकील जॉन कॉस्टेलो याच महिन्यात देशाचे पंतप्रधान झालेत.

पण आज कॅव्हना इथे सापडणार नाही. संध्याकाळी पुन्हा ड्यूक स्ट्रीटला, बेलीमध्ये या. घोड्यांच्या दोन बग्ग्यांमधून काही मंडळी येतील, पुरेशी प्यालेली. कॅव्हना, ‘आयरिश टाइम्स’मध्ये माइल्स या नावानं सदर लिहिणारा ब्रायन ओ'नोलन, तरुण कवी अँथनी क्रोनिन, चित्रकार जॉन रायन, ट्रिनिटी कॉलेजचे लेव्हेंथाल, आणि जॉइसचा एक दंतवैद्य नातेवाईक. ‘युलिसिस’चा दिवस १६ जून १९०४. आज त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ही माणसं सकाळी सँडीकोव्हच्या मनोऱ्यापाशी जमली, भूमिका वाटून घेतल्या, आणि कादंबरीच्या वाटेनं शहरभर फिरायचं ठरवलं. सकाळीच कॅव्हना आणि ओ'नोलन चढण चढताना एकमेकांशी झोंबले. वाटेत पब लागत गेले. प्रवास बेलीत आला आणि बेलीतच संपला. कादंबरीतली पुढची ठिकाणं तशीच राहिली. या पुस्तकावर आयर्लंडमध्ये कधी अधिकृत बंदी नव्हती, तरी ते दुकानात उघड मांडलेलं दिसणार नाही. आणि ज्या उत्सवाला पुढे जगभरातून लोक डब्लिनला येतील, त्या ब्लूम्सडेचा हा पहिला दिवस असा दारूत बुडालेला आहे. जवळ जाऊन काही विचारू नका. ओ'नोलनची जीभ या वेळेला फार तिखट असते.

पब बंद झाल्यावरही तहान असेल तर कायद्यात एक पळवाट आहे. राहत्या जागेपासून पाच मैलांहून लांब आलेल्या ‘खऱ्या प्रवाशाला’ बंद वेळेतही पाजता येतं. रात्री लोक मुद्दाम गाड्या काढून शहराबाहेरच्या पबला जातात आणि प्रवासी बनतात. १९६०मध्ये ही सवलत रद्द होईल. तुम्ही तर सत्तर वर्षांपलीकडून आला आहात. तुमच्याइतका खरा प्रवासी कोण? तरी जाऊ नका, परतीची वेळ झाली.

परत आल्यावर डब्लिनला विमानानं जाल तेव्हा माझं ऐका. टेम्पल बारच्या गर्दीत दुप्पट पैसे देऊन ‘परंपरा’ विकत घेऊ नका. १९५४मध्ये तिथे पर्यटक फिरकतही नव्हते. मलिगन्स अजून पूलबेग स्ट्रीटला आठ नंबरलाच आहे. दुपारी, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. समोर येईल ती स्टाउट उत्तम असेल, प्रत्येक वेळी तशीच, जगात कुठेही मिळते तशीच. ती चांगलीच आहे. पण तिला जुनी म्हणू नका. ती १९५९ची आहे. जुना आहे तो तिच्याभोवतीचा काउंटर आणि शेजारच्याशी बोलायची रीत. तेव्हा फोन खिशात ठेवा, आणि शेजारच्यानं राउंड मागवला तर पुढचा तुम्ही द्या.