उपवासाच्या ताटातील दाणे

आषाढी एकादशीस साबुदाण्याची खिचडी होत नाही असे मराठी घर, मग ते इंदुरास असो, बडोद्यास असो की बेळगावास, विरळाच. ही चाल पुरातन आहे असे आपण सहज म्हणून जातो, आणि वर्गातही तसेच सांगितले जाते. ती किती जुनी असू शकेल, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

तेलबियांत आपल्याकडे पहिला मान तिळाचा. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. 'तेल' हा शब्दच 'तिल'पासून झाला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12 व्या शतकातील 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे प्रकरण आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1925 पासून खंडशः निघाला. त्यात पुरिका आहे, घारिका आहे, इडरिका आहे. परंतु शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची नाही. ती असणे शक्यच नव्हते.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरची व बटाटा त्याच भूखंडातून आले, आणि आज ज्या कंदाच्या सत्त्वापासून साबुदाणा करतात तो कंदही तिकडचाच. राजगिरा मेक्सिकोकडचा. काजू पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात ब्राझीलहून गोव्यास आणला. त्याचे नावही त्याच्याबरोबर आले. 1492 पूर्वी यांतील एकही जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात येण्याचा मार्ग नव्हता. खिचडीतून हे सारे वजा केले, तर जिरे, तूप आणि मीठ एवढेच उरते.

मग इतक्या परक्या वस्तू व्रताच्या पानात बसल्या कशा? आमच्या मते त्या परक्या होत्या म्हणूनच बसल्या. उपवासास धान्य वर्ज्य. पण वर्ज्य धान्ये ठरली तेव्हा या वस्तू ठाऊकच नव्हत्या. निषेध नाही, म्हणून प्रवेश मोकळा. आमचे हे अनुमान आहे. त्यास शास्त्रवचनाचा आधार आम्ही सांगत नाही.

या पाहुण्यांत खरा उपकारकर्ता शेंगदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्यात प्रथिने शेकडा 25 च्या आसपास आणि स्निग्धांश जवळजवळ निम्मा. तेव्हा खिचडीतले पोषण बहुतांशी कुटाचे आहे. आमच्या गृहिणींनी हे आकडे न पाहता प्रमाण बरोबर बसविले: दोन वाट्या साबुदाण्यास वाटीभर कूट. दाणे मंद आचेवर खमंग भाजावे, साले पाखडावी आणि कूट जाडसर ठेवावे. फार बारीक केले की तेल सुटते आणि त्याचा गोळा होतो. भिजलेल्या साबुदाण्याच्या अंगची ओल हे कूट शोषून घेते, म्हणूनच दाणा दाण्यास चिकटत नाही. कुटात काटकसर करणाऱ्या घरची खिचडी गिचका होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

उपवासाबाहेरही या दाण्याने प्रांतोप्रांती आपले घर केले. बेळगावकडे गुळात घोळलेल्या कुटाची शेंगापोळी होते, सोलापुरास लसूण घालून कुटलेली चटणी. गोव्यात मात्र ओल्या काजूगरांच्या उसळीचा मान मोठा; तिथे चैत्र लागला की बाजारात सोललेल्या गरांचे वाटे मांडलेले दिसतात.