सुरतेचे कासव

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. आम्हा सीमेवरच्या माणसांना मात्र सुरत म्हणजे नात्यागोत्याचे गाव. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथून गाडी धरली की उधना. उधना-लिंबायतेत खानदेशातले कोण नाही?

मागे बहिणीकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, अजगराची जोडी आणायची म्हणतोय. आफ्रिकेतला बॉल पायथन. विषारी नसतो."

"हौस म्हणून, की धंदा म्हणून?"

"आधी हौस. पिल्ले झाली की धंदा."

"घरमा साप?" एवढे म्हणून बहिणीने कपाळाला हात लावला. मला मात्र त्या उत्तराने विचारात पाडले. हौस आणि नफा यांचा हा झगडा त्याच मुलखात फार जुना आहे.

हौसेचा मोठा धनी बादशहा जहांगीर. खंबायत आणि सुरत या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून त्याच्यासाठी टर्की पक्षी आणला. पुढे १६१८ च्या सुमारास, गुजरातच्या मुक्कामात, पाळलेल्या सारस जोडीने घातलेल्या अंड्यांची हकीकत बादशहाने बारकाईने लिहून ठेवली. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून राखण करतो, हे त्याने टिपले. त्यात विकण्याचा हिशेब नव्हता. पण बादशहाची हौस बादशाही खजिन्यावर चालते, हेही विसरून चालणार नाही.

नफ्याची गोष्ट वेगळी. १९९२ साली अमेरिकेत पांढऱ्या-पिवळ्या, निर्वर्णी बॉल पायथनची पैदास प्रथम झाली. असा साप दुर्मीळ, म्हणून त्याची किंमत डोळे फिरवणारी. पुढे घरोघरी तशी पिल्ले निघू लागली आणि भाव उतरला. मग आणखी नवा रंग, आणखी नवी नक्षी. ज्याचा रंग मागे पडला त्या जनावराचे पुढे काय, हा प्रश्न बाजाराला पडत नाही.

तो प्रश्न जुन्या सुरतेच्या वाण्यांना पडला होता. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत होता. त्याचे पुस्तक १६९६ साली निघाले. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री, जे म्हातारे वा जायबंदी होतील त्यांच्यासाठीचे इस्पितळ त्याने वर्णिले आहे. ढेकूण-पिसवांचीही सोय होती. त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेला बांधून निजवीत, असे तो लिहितो. ही दया की दयेचा अतिरेक, वाचकांनीच ठरवावे. त्या गरिबाच्या रात्रीचा हिशेब कोणी मांडला, असेही मला विचारावेसे वाटते.

पुढे अठराव्या शतकात जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या नोकराने तीच जागा पाहिली. तिथे एक म्हातारे कासव होते. ते पंचाहत्तर वर्षे तिथेच असल्याचे त्याला सांगण्यात आले. ते कासव ना दूध देई, ना ओझे वाही, ना कोणाची करमणूक करी. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी त्याला पोसले. त्यांच्या वहीत जमा आणि खर्च यांच्याखेरीज एक तिसरे खाते होते, आणि ते त्यांनी बुडू दिले नाही.

मला वाटते, खरा भेद हौस आणि नफा यांत नाहीच. हौस फिटल्यावर आणि भाव पडल्यावर जनावर कोणाचे, हा खरा भेद आहे.

आजचा कायदाही थोडासा हेच विचारतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानातले नाग, धामण, अजगर घरी पाळण्यास मनाई आहे. परदेशी सापांना बराच काळ मोकळीक होती. २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी बॉल पायथनसारख्या प्राण्यांचीही नोंदणी आली. पिल्ले झाली, मेली किंवा दुसऱ्याला दिली, तरी कळवावे लागते. पण नोंद म्हणजे सांभाळ नव्हे.

मी भाच्याला एवढेच म्हणालो, "बॉल पायथन नीट सांभाळला तर तीस वर्षेही जगतो. तू आज बावीसचा. तो म्हातारा होईल तेव्हा तू पन्नाशी ओलांडलेली असशील. मादी एका खेपेस पाच-सहा अंडी घालते. न विकलेली पिल्लेही तेवढीच वर्षे जगायची. तेवढ्यांचा खर्च आधी कागदावर मांड. नफा मागून मांड."

त्याने कागद घेतला. तीस वर्षांचे उंदीर, तीस वर्षांची वीज, आणि तो गावाला गेला तर बघणार कोण, असे लिहीत गेला. शेवटच्या ओळीपाशी थांबून त्याने आईकडे पाहिले.

"माझं नाव लिहू नको," ती म्हणाली.

ती ओळ अजून कोरी आहे. जोडीही आणलेली नाही.