गोळी कोणासमोर घ्यायची?

क्षयाच्या गोळ्या साधारणपणे सहा महिने घ्याव्या लागतात. पण दोन महिन्यांतच खोकला थांबतो, वजन वाढतं आणि अनेक जण गोळ्या सोडतात. मग लक्ष कोणी ठेवायचं, घरच्यांनी की आरोग्य कर्मचाऱ्यांनी?

याचं मूळ १९५६ च्या मद्रासमध्ये सापडतं. तिथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच एक वर्ष तीच औषधं दिली: आयसोनायझिड आणि पास. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते. म्हणजे महागड्या खाटांची गरज उरली नाही. पण घरी गेलेली गोळी पोटात जाते का, हे कळायला लघवी तपासावी लागे, न सांगता घरी जावं लागे. खर्च वाचला, काळजी वाढली!

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने डॉट्स आणलं: गोळी कोणाच्या तरी समोरच गिळायची. ते पारखायला पाकिस्तानात ४९७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. २००१ चे निकाल बघा. आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर ६४ टक्के बरे झाले, घरच्यांसमोर ५५ आणि देखरेखीशिवाय ६२. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता.

आता खर्च. इथे भागाकार 'दर रुग्णामागे' नाही, 'बऱ्या झालेल्या दर रुग्णामागे' करायचा असतो. देखरेखीशिवाय १६४ डॉलर, आरोग्य केंद्रात ३१०, गावपातळीवरच्या कार्यकर्तीमार्फत १७२. केंद्र महाग पडण्यात रुग्णाच्या खेपांचाही वाटा आहे. माझा मामा रोजंदारी बुडवून गोळ्यांसाठी जायचा. ती मजुरी कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून पेपर हातात घेतला की खर्च कोणाच्या खिशातला मोजलाय, हे मी आधी शोधते.

मग घरचे कुचकामी? तसंही नाही. नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतल्या २००६ च्या अभ्यासात गावातल्या देखरेखीत ८५ टक्के उपचार यशस्वी झाले, घरच्यांच्या देखरेखीत ८९. हा फरकही ठोस नव्हता, पण घरचे कमी पडले नाहीत एवढं नक्की. तिथे घरच्या माणसाला महिन्याभराच्या गोळ्या एकदम देऊन मोकळे होत नव्हते. दर आठवड्याला त्याच्या हातात नवा साठा द्यायला आरोग्य कर्मचारी होताच.