गोमंतकातील गानकलेचे आश्रयस्थान : देवालय, समाज आणि कला अकादमी

गोमंतकातील देवालयाचा दिवस पूर्वापार वाद्यांनी बांधलेला असे. पहाटेचा चौघडा, पूजेच्या वेळची सनई, पालखीपुढील गायन, नवरात्रात मखरापुढे होणारे कीर्तन आणि जत्रेच्या रात्री रंगणारा दशावतारी काला ही उत्सवाची सारी अंगे सेवेकरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. सेवेच्या मोबदल्यात त्यांस कसावयास जमीन, धान्य व उत्सवप्रसंगी मान मिळे. या दृष्टीने पाहता देवालय हीच गोमंतकातील पहिली संगीतसंस्था होय. तथापि या संस्थेत प्रवेश जन्माने मिळत असे आणि तीतून बाहेर पडण्याची वाटही जन्मानेच बंद होत असे. कलावंत कुळातील मुलीस गायनाची आवड आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. देवालयांच्या स्मरणिकांतून कलेचा गौरव पुष्कळ केला जातो, परंतु ही दुसरी बाजू सहसा लिहिली जात नाही. ती नमूद केल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही.

गोमंतकात विद्येचा आरंभ होई, विद्येची पूर्तता मात्र बाहेर जाऊन करावी लागे. केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी बालवयात कोल्हापुरास अब्दुल करीमखाँ यांच्याकडे काही महिने शिक्षण घेतले, गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे धडे घेतले आणि अखेर मुंबईस १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. कुर्डी येथील मोगूबाई कुर्डीकर यांची पहिली पायरी नाटक मंडळीची होती. ज्या मंडळीत त्या बालपणी दाखल झाल्या तिचे नाव पर्वत येथील देवावरून ‘चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी’ असे होते. देवाचे नाव सोबत होते, परंतु पोटापाण्याची सोय व गुरू दोन्ही परमुलखातच लाभले. पुढे या दोघींनाही पद्मभूषण लाभले, केसरबाईंना १९६९ साली व मोगूबाईंना १९७४ साली. त्यांची नावे आज आपण अभिमानाने उच्चारतो. परंतु त्यांच्या शिक्षणाचा भार गोव्यातील कोणत्याही संस्थेने उचलला नव्हता, याचे विस्मरण होऊ नये.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत मुंबईत व गोव्यात या समाजातील जाणत्या मंडळींनी आपल्या संघटना उभारल्या. गोमंतक मराठा समाज ही त्यांतील प्रमुख होय. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी मुलामुलींचे शिक्षण, विवाह आणि देवालयाच्या सक्तीच्या सेवेपासून मुक्तता यांवर भर दिला. याचा एक परिणाम असा झाला की अनेक घराण्यांतील गाणे एका पिढीत थांबले. मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. तंबोरे खुंटीवर राहिले. देवालयातील गाणे गेले अशी हळहळ काही वृद्ध महाजन व्यक्त करीत असत. ही हळहळ समजण्यासारखी असली तरी तक्रार म्हणून ती टिकत नाही. ज्यास गाणे नाकारण्याची मोकळीक नाही, त्याच्या गाण्यास आश्रय मिळतो असे म्हणता येणार नाही.

आपल्या ख्रिस्ती बांधवांची व्यवस्था याच काळात निराळी होती. चर्चच्या शाळेत मेस्त सोल्फा व व्हायोलिन शिकवी, आणि स्वरलिपी वाचता येणारा मुलगा मुंबईस गावच्या कुडीत उतरून बँडमध्ये वा पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात नोकरी मिळवी. १९५२ साली आंतोनियु फिगेरेदु यांनी पणजीस संगीताची अकादमी स्थापिली, ती हीच परंपरा पुढे नेण्यासाठी.

१९६१ नंतर चित्र पालटले. पणजीचे ‘एमिसोरा दि गोवा’ आकाशवाणीचे केंद्र झाले आणि स्थानिक गायक-वादकांस चाचणी देऊन श्रेणी व मानधन मिळू लागले. एक वाद्य मात्र बराच काळ बाहेर राहिले. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियम वर्ज्य ठरविली होती. गोव्यात या वाद्याची परंपरा क्षीण झाली नाही याचे श्रेय कीर्तन, भजन आणि उत्सवातील संगीत नाटक यांना, म्हणजे पर्यायाने देवालयांच्या मंडपांना द्यावे लागेल. बोरी येथे जन्मलेले तुळशीदास बोरकर यांना हार्मोनियमवादक म्हणून २०१६ साली पद्मश्री मिळाली, ती या वाद्याच्या उपेक्षेची एक प्रकारे भरपाईच होती.

१९७० साली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना, कला अकादमी स्थापन झाली. १९८३ पासून कांपाल येथे मांडवीकाठी, चार्ल्स कोरिया यांनी योजिलेल्या वास्तूत तिचे कार्य चालू झाले. सभागृहास मंगेशीचे सुपुत्र दीनानाथ मंगेशकर यांचे नाव दिले गेले. वास्तूची प्रशंसा सर्वत्र झाली आहे. संगीतकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते आतील वर्ग. ज्या मुलाच्या घरात गाणे नव्हते त्यालाही आता नाव नोंदवून शिकता येऊ लागले, आणि तबलावादकास व संवादिनीवादकास महिनाअखेर पगार मिळू लागला. देवालयाने जे जन्मावर सोपविले होते ते अकादमीने अर्जावर सोपविले. फिगेरेदुंची अकादमीही पुढे याच संस्थेत आली. सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोहात देशातील नामवंतांच्या बरोबरीने स्थानिक कलाकारांनाही स्थान मिळते, हे त्या समारोहाचे विशेष होय.

खेडोपाडी अकादमी पोहोचली ती भजनाच्या द्वारे. गोमंतकीय भजनास शिस्त लावणारे कै. मनोहरबुवा शिरगांवकर यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या स्पर्धेत पुरुष, महिला व बालकलाकार यांची पथके उतरतात. स्त्रिया झांज व पखवाज घेऊन मंचावर बसल्या ही या स्पर्धेची मोठी कमाई. दोषही आहेत. घड्याळ लावून गाण्याने विलंबित अभंग आखडतो, आणि परीक्षकांचे लक्ष वेधण्यासाठी गजर वाजवीपेक्षा चढा लागतो. पारावर रात्रभर चालणाऱ्या भजनाचा सावकाशपणा स्पर्धेत येणे शक्य नाही, तो सप्ताहातच राखला पाहिजे.

२०२१ ते २०२३ या काळात नूतनीकरणासाठी कांपालची वास्तू बंद होती. त्यातच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. मोठे सभागृह नसताना लहान मंडपांचे मोल किती आहे हे त्या वेळी कळले. शासनाची ‘कला सन्मान’ योजना वृद्ध कलाकारांस मासिक साहाय्य देते, परंतु तबलजी चाळिशीत असताना त्याला जे हवे असते ते काम होय, आणि ते काम वर्षाकाठी जत्रा, पालखी, सप्ताह व वर्धापनदिन यांतूनच मोठ्या प्रमाणात येते.

महाजनांच्या अंदाजपत्रकात, ज्यास जुनी मंडळी अजूनही ‘ओर्सामेंत’ म्हणतात, बाहेरून येणाऱ्या गायकाची बिदागी स्वतंत्र लिहिली जाते. सनईवादक, पखवाजी व संवादिनीवादक यांची रक्कम बहुधा ‘इतर’ या सदरात जाते, आणि उत्सवाच्या पत्रिकेत त्यांच्या नावाच्या जागी ‘साथसंगत : स्थानिक कलाकार’ एवढेच छापलेले असते.