मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (आयबीटी)

माध्यमिक शाळेत, इयत्ता आठवी ते दहावीत, हातांनी काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाने तो घडवला. गावाला लागणारी कामे विद्यार्थ्यांनी मोबदला घेऊन करायची आणि ती शिकवायला परिसरातलेच कारागीर व छोटे उद्योजक बोलवायचे, ही त्याची मुख्य कल्पना.

पार्श्वभूमी : शिक्षणात उत्पादक श्रमाला स्थान देण्याचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेतील नई तालीमपासून चालत आला आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ मांडले. बहुतेक शाळांत या तासांना खडू, मेणबत्त्या व कागदी फुले यांचे रूप आले. या वस्तूंना गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे काम नीट झाले की नाही हे ठरवणारेही कोणी नव्हते.

स्थापना : विज्ञान आश्रम १९८३ मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) केंद्र म्हणून सुरू झाला. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (मृत्यू २००३) हे इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. मुंबईतील हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी संपल्यावर ते पाबळला राहायला गेले. गाव निवडताना त्यांनी पर्जन्यछायेतील, सोयी कमी असलेली जागा घेतली. इथे जमले तर इतरत्रही जमेल, हा त्यामागचा विचार. शाळेत हा विषय प्रथम पाबळच्या श्री भैरवनाथ विद्यामंदिरात शिकवला गेला. पुढे राज्य शिक्षण मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

रचना : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. आठवड्यातील एक दिवस या विषयाचा असतो. वर्गाचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गट आळीपाळीने चारही विभागांत काम करतो. विभाग निवडण्याची मुभा नाही, ही बाब महत्त्वाची आहे. मुली वेल्डिंग करतात, मुलगे चिक्की करतात आणि हिमोग्लोबिन तपासतात.

लोकसेवा : अभ्यासक्रमाचा खरा कणा हाच. घरातील वायरिंग, लोखंडी गेट किंवा स्टूल, शोषखड्डा, माती परीक्षण, रोपवाटिका, रक्तगट तपासणी अशी कामे गावकऱ्यांकडून घेतली जातात. काम घेण्यापूर्वी विद्यार्थी साहित्य, मजुरी, वीज व यंत्राची झीज धरून खर्च काढतात. झाल्यावर नोंदवहीत लिहितात. पैसे मोजलेला माणूस गेट वाकडे लागले तर ते परत लावून मागतो. गुणपत्रिकेने न होणारी परीक्षा इथे होते. शिकवणारा लोहार, वायरमन किंवा शेतकरी बी.एड. झालेला नसतो, पण त्याचे पोट त्याच कामावर असते. म्हणून कोणती चूक महागात पडते हे त्याला नेमके ठाऊक असते.

भूजल सर्वेक्षण : पाबळ दुष्काळी. विहीर किंवा कूपनलिका कोरडी गेली की शेतकरी कर्जात जातो. आश्रमाने विद्युत-रोध मापनाने पाण्याची जागा शोधण्याचे तंत्र गावातील तरुणांच्या हाती दिले. जमिनीत एका रेषेत चार कांब्या रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. कांब्यांतील अंतर वाढवले की अधिक खोलीपर्यंतचा अंदाज येतो. दख्खनच्या पठारावरील अखंड काळ्या पाषाणाचा रोध फार जास्त असतो, पाणी धरलेल्या झिजलेल्या किंवा भेगाळ थराचा कमी. रोध व अंतर यांच्या आलेखातील उतार पाहून जागा सांगतात. चिकणमातीचा रोधही कमीच असतो, त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींचे थर पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम शेतकऱ्याच्या कर्जाशी जोडला जातो, तो इथे. हे सर्वेक्षण काही तरुणांचा व्यवसाय झाले.

अन्य तंत्रे : कमी लोखंडात उभा राहणारा ‘पाबळ घुमट’ आणि ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर आश्रमाच्या कार्यशाळेत घडले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये येथे फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

प्रसार : लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेच्या सहभागाने व उद्योगांच्या सामाजिक निधीतून अभ्यासक्रम महाराष्ट्रातील इतर शाळांत पोचला, कर्नाटक व छत्तीसगडमधील काही शाळांतही तो गेला. यंत्रे आणि शिकवणाऱ्या निदेशकाचे मानधन हा मुख्य खर्च. निधी थांबल्यावर मानधन कोणी द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक शाळेपुढे येतो. लोकवर्गणी आणि लोकसेवेचे उत्पन्न यांनी तो काही अंशी सुटतो. पाहुण्यांना दाखवण्यापुरती कार्यशाळा ठेवून गावची कामे घेणे बंद केले, की विषयाचे पुन्हा कागदी फुलांसारखेच होते.

मतभेद : शाळकरी मुलांनी मोबदल्याचे काम करावे का, याविषयी दोन मते आहेत. विरोधकांना ही बालमजुरी वाटते. समर्थकांच्या मते शिक्षकांच्या देखरेखीखालील, आठवड्यातून एक दिवसाचे हे काम बालमजुरीत मोडत नाही.

सद्यःस्थिती : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी स्थानिक कारागिरांबरोबर दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे. परिसरातल्या कारागिरांकडून शिकण्याच्या आयबीटीच्या कल्पनेशी ती मिळतीजुळती आहे.