बरे झालेल्यांचा कायदा

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की नेरे गाव लागते. तिथे कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. याच तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक' हे कर्करोगावरील उपचार-संशोधनाचे केंद्र आहे. एका रोगाच्या बाबतीत कायदा कसा वागला हे तपासले, की दुसऱ्याच्या बाबतीत काय राहून गेले ते दिसते.

१८९८च्या 'लेपर्स ॲक्ट'नुसार अंगावर व्रण असलेल्या रोग्याला खाद्यपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आणि भाड्याच्या गाडीत बसण्यास सरकार मनाई करू शके. भीक मागणाऱ्या रोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. पुढे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८३मध्ये भारताचे राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाचे पाऊल पडले. रोग साध्य झाला. कायद्यातला 'असाध्य' मात्र तसाच राहिला. १८९८चा कायदा केंद्राने २०१६ साली रद्द केला, तर घटस्फोटाचे ते कारण २०१९ साली वगळले. औषध आणि कायदा यांच्यात ३६ वर्षांचे अंतर पडले.

तरीही याच काळात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत 'कुष्ठरोगातून बरे झालेले' असा एक प्रकार होता. रोग गेला तरी बधिरता आणि व्यंग मागे उरते, हे त्यात मान्य केले होते. दुसरी गोष्ट एचआयव्हीची. काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या मजुराला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ठरवले. पुढे २०१७च्या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार, घर आणि विमा यांतील भेदभावाला बंदी घातली. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागत नाही.

आता कर्करोग पाहू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; त्यांत कर्करोगाचे नाव नाही. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागले, तर वाचादोषाच्या व्याख्येत त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख सापडतो. पाय कापावा लागला, तर चलनवलनाचे अपंगत्व धरले जाते. पण रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली, धडधाकट दिसणारी मुलगी खासगी नोकरीच्या अर्जात 'पूर्वी गंभीर आजार होता का?' या प्रश्नापुढे थांबते, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कलम त्या यादीत नाही. खरे लिहावे तर नोकरीची धास्ती, लपवावे तर खोटेपणाचा ठपका.

ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्यात कर्करोगाचे निदान झाल्या दिवसापासून संरक्षण मिळते. अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यात पूर्वी होऊन गेलेल्या आजाराची नोंदही धरली जाते. फ्रान्समध्ये २०२२पासून उपचार संपून पाच वर्षे झाली आणि रोग उलटला नाही, तर घरकर्जाच्या विम्यासाठी तो सांगावाच लागत नाही.

आपल्याकडे परिशिष्टात नवा प्रकार अधिसूचनेने घालण्याची सोय आहे. पण बऱ्या झालेल्या माणसाला हक्कासाठी अपंग म्हणवून घ्यायला लावणे मला पटत नाही. २०१७च्या कायद्याची वाट अधिक सरळ आहे. शांतिवनातल्यांसाठी कायद्याने ३६ वर्षे लावली. खारघरहून बरे होऊन घरी परतणाऱ्यांना तेवढी वाट पाहायला लावू नये.